एका थेंबाचं पिस्तूल

ज्या कुणी हा हुकूम काढला, त्याने जन्मात कधी हवेचं पिस्तूल हातात धरलेलं नाही. हे तोंडावर सांगायला आम्ही भीत नाही. नळी आणि चाप असलेली प्रत्येक वस्तू कार्यालयात आणून दाखवा, निरुपद्रवी ठरवून घ्या, नाहीतर जप्त! तुम्ही सही ठोकलीत आणि जेवायला गेलात. त्या सहीने आमच्या शेजारच्या मिस्त्रींच्या घरात काय केलं, ते ऐकायला तुम्हाला वेळ नसेलच. नसला तरी ऐका.

मिस्त्री शिलाई मशीन दुरुस्त करायचे. अंगाला कायम मशीनच्या तेलाचा वास. छंद एकच, महायुद्धाच्या आधीची छऱ्यांची पिस्तुलं जमवायची. लोकांच्या घरी काचेच्या कपाटात चांगल्या कपबश्या असतात, यांच्या घरी पिस्तुलं. बायको आल्यागेल्याला सांगायची, "कप मोरीवरच्या फळीवर आहेत. कपाटात माझ्या सवती नांदतात."

त्यातलं एक मात्र सवत नव्हतं, सख्खं होतं. लहानपणी मिस्त्री आणि त्यांचे दादा त्यानेच खेळले. एकदा वडिलांचं डोकं फिरलं आणि त्यांनी ते भंगारवाल्याला देऊन टाकलं. पुढे सगळी हयात मिस्त्री जुन्या बाजारांत तेच धुंडत फिरले. बाकीची पिस्तुलं म्हणजे त्या वाटेवर धोतराला चिकटलेली कुसळं. आणि आता, म्हातारपणी, ते सापडलं. तेच. मुठीच्या लाकडावर दादांनी चाकूने पाडलेली खाचसुद्धा जागच्या जागी.

दादांची नजर तोवर पार गेली होती. रविवारी ते राहायला येणार होते. मिस्त्री त्यांना काही सांगणार नव्हते, नुसतं हातात ठेवणार होते. दादा खाच चाचपतील, नळी आत दाबतील, चाप ओढतील, आणि तो जुना 'टक्' आवाज होईल. पुढचं मिस्त्रींना मनातसुद्धा धड बघवत नसे. आधीच डोळे भरायचे.

तेवढ्यात तुमचा हुकूम आला. मुदत शनिवारपर्यंत.

"नका नेऊ," बायको म्हणाली. "आपल्या कपाटात कोण डोकावतंय?"

"कायदा आहे."

"असेल. सरळ माणूस दिसला की त्याच्याच पाठीवर बसतो मेला!"

पण मिस्त्री सरळ माणूस. तयारीला लागले. या पिस्तुलाच्या पोटात एक दट्ट्या असतो, त्यावर चामड्याचा वायसर. चामडं सुकलं की हवा निसटते आणि छर्रा नळीतच झोपतो. साहेबांसमोर फुसकं निघालं तर घराण्याची अब्रू काय राहिली? दादा लहानपणी बजावायचे, "छोट्या, तेलाचा एकच थेंब. एकच!" पण शिलाई मशीनचा रिवाज निराळा. तिथे तेल पोटभर पाजायचं आणि वर आलेलं फडक्याने टिपायचं. मिस्त्रींचा हात त्याच रिवाजाचा. त्यांनी कुपी उलटी धरली. चामडं पीत गेलं, हे पाजत गेले.

"पी बाबा. तूही म्हातारा झालास."

शनिवारी कार्यालयात बाकीची पिस्तुलं कारकुनाने बघताक्षणी सोडली. सगळ्यांच्या स्प्रिंगा मोडलेल्या. "खेळणी आहेत, साहेब." मग सख्खं टेबलावर आलं.

"हे चालतं?" साहेबांनी विचारलं.

"चालतं, पण त्याच्यात दम नाही हो. पुठ्ठ्याला लागलं तर छर्रा माघारी येतो. दाखवू?"

कोपऱ्यात पुठ्ठ्याचं रिकामं खोकं होतं. कारकुनाने सगळ्यांना बाजूला घेतलं. मिस्त्रींनी नळी आत दाबली, छर्रा भरला, नेम धरला, चाप ओढला.

'टक्' झालंच नाही. धाडकन आवाज झाला. नळीतून निळा धूर निघाला. छर्रा खोक्याच्या आरपार गेला आणि मागच्या पाण्याच्या जारमध्ये घुसला. जारमधून एक देखणी धार सुटली आणि थेट साहेबांच्या चपलेवर पडली. साहेब टेबलाखाली होते, चपला बाहेर राहिल्या होत्या.

"हवेचं म्हणालात ना?" टेबलाखालून आवाज आला. "हवेला धूर असतो?"

"साहेब, तेल जास्त झालं! हवा दाबली की तापते, मग तेल पेट घेतं. दारू नाही हो त्यात!"

"म्हणजे हे तेलावर चालतं," कारकून म्हणाला.

"चालत नाही! चुकून चाललं!"

साहेब बाहेर आले. कपडे झटकले. माणूस वाईट नव्हता, हेच तर वाईट. "तुमचं वय बघून जप्त करत नाही. खाली कारखान्यात निरुपद्रवी करून देतो. चालेल?"

मिस्त्रींना वाटलं, तेल पुसतील, शिक्का मारतील. त्यांनी हात जोडले. "करा साहेब. उपकार होतील."

संध्याकाळी पिस्तूल परत मिळालं. गरम होतं.

रविवारी दादा आले. पाणी पिऊन झाल्यावर मिस्त्रींनी ते न बोलता त्यांच्या हातात ठेवलं. दादांचा हात वजनाने मांडीवर आदळला.

"पिस्तूल आहे होय? जड आहे बुवा. आपलं कसं पाखरासारखं होतं."

मिस्त्रींनी त्यांचा अंगठा धरून खाचेवर नेला. दादांचा अंगठा खाचेत पुढेमागे फिरत राहिला. मग त्यांनी नळी आत दाबून पाहिली. हलेना.

"आत काय भरलंय?"

"शिसं. कार्यालयाने ओतलं. आवाज मोठा झाला म्हणून."

"किती थेंब घातलेस?"

मिस्त्री रिकामा पेला उचलून मोरीकडे निघाले.

"छोट्या!"

"मोजले नाहीत, दादा."

दादा पोट धरून हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, ते बराच वेळ पुसत राहिले. मग पिस्तूल भिंतीकडे रोखलं, चापावर बोट ठेवलं आणि जिभेने आवाज काढला, "टक्."

बायकोने ते कपाटात ठेवायला उचललं, तर तिला दोन हात लावावे लागले. "अहो, हे कुणाच्या डोक्यात घातलं तर माणूस पाणीसुद्धा मागायचा नाही!"

तेल जास्त झालं, मिस्त्रींना कबूल आहे. ते रोज स्वतःला त्यावरून बोल लावतात. पण हुकूमवाले साहेब, जे पुठ्ठ्याला बिचकत होतं, ते तुम्ही कवटी फोडण्याइतकं जड केलंत आणि वर 'निरुपद्रवी' असा शिक्का मारलात. मग हत्यार कधी होतं, तुमच्या हातात यायच्या आधी की नंतर? आणि तो 'टक्' तुम्ही कुठे जमा केलात? एक आंधळा म्हातारा आमच्या शेजारच्या ओसरीवर बसून त्याची वाट बघतोय. त्याला काय सांगू? बोला.