भुईगावचा चार दहाचा भूकंप

अंटार्क्टिकाला न्यायचं यंत्र आधी कुठे तपासायचं, असा प्रश्न मीटिंगमध्ये निघाला, तेव्हा संकेतनं हात वर केला आणि मामाची वाडी देऊन टाकली. भुईगावात श्रीपतमामांच्या वाडीत दुपारी केळीचं पान पडलं तरी ऐकू येतं, अशी शांतता अख्ख्या पालघर जिल्ह्यात शोधून सापडायची नाही, असं तो छाती पुढे काढून म्हणाला. त्याच्या वरिष्ठ विनिता मॅडमनी समुद्राचं काय, असं विचारलं. त्याचंही उत्तर तयार होतं. यंत्र जिथे बसणार तिथेही समुद्र जवळच आहे. लाटांची गाज एकसुरी असते, ती वजा करता येते. मॅडमनी मान हलवली आणि संकेतला वाटलं, निम्मी मोहीम इथेच फत्ते झाली.

यंत्र म्हणजे भूकंपमापक, कळशीएवढा. दक्षिण ध्रुवाकडचा बर्फ वरून निश्चल दिसतो, पण आतून तो तडकत, सरकत, कुरकुरत असतो. ती कुरकुर ऐकून बर्फाची जाडी कळते, त्याच्याखालच्या खडकाची तब्येत कळते. संकेत सहा वर्षं या विषयात होता आणि आजवर त्यानं जवळून पाहिलेला बर्फ पाचूबंदरच्या मासळीवरचा. यंदा पहिल्यांदा त्याचं नाव यादीत लागलं होतं, तेही यंत्राच्या जोडीनं. यंत्र गेलं तर तो जाणार, नाहीतर दुसऱ्या गटाचं जुनं यंत्र आणि त्यांचा माणूस जाणार होता. सामानाचा कंटेनर शुक्रवारी संध्याकाळी बंद होणार होता.

शनिवारी त्यानं वाडीत खड्डा खणला, तळाशी लादी बसवली, वर झाकण घातलं आणि मामांना आणि हंसामामींना बजावलं की पन्नास पावलांच्या आत कोणी फिरकायचं नाही. यंत्राची रेघ त्याच्या मोबाइलवर दिसे आणि तिकडे मुंबईत मॅडमच्या पडद्यावरही. रविवारभर रेघ झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी शांत होती.

सोमवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ती उडाली. ठक, ठक, ठक, एकसारख्या अंतरानं, वीस मिनिटं. मग पुन्हा शांत. मंगळवारी बरोबर चार दहाला पुन्हा तेच. भूकंप घड्याळ लावून येत नाही. म्हणजे दोष यंत्रात, असं मॅडमचं मत पडलं. कारण सापडलं नाही तर त्या गुरुवारी संध्याकाळी दुसऱ्या यंत्राच्या नावावर सही करणार होत्या.

बुधवारी दुपारी संकेतनं मामांना फोन केला आणि तिकडे चार दहाच्या सुमाराला काही हलतं का, असं विचारलं. मामांना काही जाणवलं नव्हतं. ते रोज चारला शेजारच्या रोनाल्डकडे पत्ते खेळायला जात, आणि पत्ते खेळताना जग बुडालं तरी त्यांना कळलं नसतं. पण भाचा शास्त्रज्ञ. त्यानं विचारलं म्हणजे काहीतरी असणार. त्यांनी ते रोनाल्डला सांगितलं. डहाणूकडे जमीन हलते, भिंतींना तडे जातात, हे रोनाल्डनं टीव्हीवर पाहिलेलंच होतं. त्यानं गावाच्या ग्रुपवर मेसेज टाकला की अंटार्क्टिकाच्या सायंटिस्टचा फोन होता, आज चार दहाला जमीन हलणार, सर्वांनी मोकळ्या जागेवर जमावं.

संकेत पावणेचारला स्कूटरवरून गावात शिरला, तर गल्ल्या ओस. दारं सताड उघडी. एका घरात कुकर शिट्टीवर शिट्टी देत होता आणि गॅस बंद करायला कोणी नव्हतं. त्यानंच आत जाऊन केला. मग मामांच्या वाडीचं फाटक दिसलं आणि सगळा उलगडा झाला. गावातली मोकळी जागा म्हणजे मामांची वाडी. दीडशे माणसं तिथे उभी होती. कोणी गादी आणली होती, कोणी देवघरातले देव, कोणी टीव्ही. रोनाल्डची म्हातारी आई खुर्ची टाकून जपमाळ ओढत होती. खुर्ची बरोबर यंत्राच्या झाकणावर होती.

मोबाइलवर रेघ उरलीच नव्हती, नुसता काळा पट्टा होता. तेवढ्यात मॅडमचा फोन आला. त्यांचा आवाज चढला होता.

"संकेत, तिथे काय झालंय? मी जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला कळवायला घेतलंय."

त्यानं हातापाया पडून दहा मिनिटं मागून घेतली. मॅडम म्हणाल्या, दहाच. आणि फोन चालू ठेव.

म्हातारीची खुर्ची चौघांनी उचलून बाजूला ठेवली. मग संकेत पाण्याच्या टाकीवर चढला आणि त्यानं गावाला समजावलं की कोणी भूकंपाचं भाकीत केलेलं नाही, यंत्रात एक गडबड आहे, आपापल्या घरी जा. लोक हलले नाहीत. रोनाल्ड पुढे आला. तो पंचायतीत दोनदा निवडून आलेला, त्याला तोंडी आश्वासनांची किंमत ठाऊक होती.

"मग भूकंप होणार नाही, असं लिहून दे."

इथे संकेतचं शिक्षण आडवं आलं. भूकंप कधी होईल हे जसं सांगता येत नाही, तसं कधी होणार नाही हेही कोणी छातीठोक सांगू शकत नाही, असं तो खरं ते बोलून गेला. पुढच्या रांगेतली माणसं हळूच खाली बसली, मग मागची. घरी जायचं आता कोणी नाव काढीना.

मात्र माणसं बसली, गप्प झाली, तशी रेघही बसली. चार नऊ झाले. संकेतनं टाकीवरून उतरून मोबाइल समोर धरला. रोनाल्ड त्याच्या खांद्यावरून पाहत होता. दीडशे माणसांनी श्वास रोखले होते.

चार दहा. ठक. ठक. ठक.

"आला," रोनाल्ड कुजबुजला, आणि तो शब्द सगळ्या वाडीभर पसरला. आयांनी पोरं जवळ ओढली. त्या क्षणी, आयुष्यात पहिल्यांदा, त्याला आपल्याच यंत्राची भीती वाटली.

मामा गर्दीत इकडे तिकडे पाहत होते. मग त्यांचा चेहरा उतरला.

"हंसा कुठं आहे? हंसा घरात राहिली."

सत्तरीचे मामा, गुडघ्याला पट्टा बांधलेले, घराकडे धावत सुटले. रोनाल्ड त्यांना ओरडून थांबायला सांगत होता, छप्पर खाली येईल म्हणून. मामांनी मागे पाहिलं नाही. संकेत त्यांच्यामागे पळाला. ओटा ओलांडून, स्वयंपाकघरातून, मागच्या पडवीच्या दाराशी दोघं पोचले, आणि संकेतला अशी शिंक आली की डोळ्यांतून पाणी आलं. पाठोपाठ आणखी चार.

पडवीत हंसामामी नाकातोंडावर टॉवेल बांधून, दोन्ही हातांनी मुसळ उचलून उखळात घालत होत्या. ठक. ठक. उखळात लालभडक मसाला होता. दारात नवरा धापा टाकत उभा पाहून त्यांनी मुसळ थांबवलं. मोबाइलवरची रेघही थांबली.

मग सगळं बाहेर आलं. भाचा चार महिने बर्फात जाणार, तिथे डब्यातलं बेचव खाणार, या काळजीनं मामींना झोप नव्हती. गिरणीत दळलेला मसाला जळका लागतो, म्हणून हातानं कांडायचा. आधी सांगितलं असतं तर सामानाचं वजन वाढेल म्हणून संकेतनं नको म्हटलं असतं, म्हणून चोरून. मामा चारला पत्त्यांना जात. कोविडपासून त्यांना वास येत नव्हता, त्यामुळे त्यांची भीती नव्हती. आज अख्खं गाव बाहेर गेलं, तेव्हा मामींना वाटलं, बरं झालं, निवांत हात चालेल.

"मेसेज वाचला नाहीस?" मामांनी विचारलं.

"वाचला की. पन मसाला उघडा टाकून कशी येनार?"

मामा पायरीवर बसले. मग त्यांनी उठून मामींच्या हातातलं मुसळ घेतलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं.

मॅडम फोनवर होत्याच. संकेतनं त्यांना रेघेवर लक्ष ठेवायला सांगितलं आणि मामींना पाच ठोके द्यायला लावले. मुंबईत पडद्यावर मोजून पाच शिखरं उमटली. मग मॅडम अगदी कोरड्या आवाजात म्हणाल्या की यंत्र उत्तम आहे, बर्फ काय, मुंगीही त्यातून सुटायची नाही. पण अहवालाला चोवीस तासांची स्वच्छ रेघ लागते. उद्या संध्याकाळी सहापर्यंत.

रोनाल्डनंही पाच ठोके स्वतः मारून, रेघ उडते हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा कुठे गाव घरी गेलं. काहीजण जरा हिरमुसलेच होते. उरलेला मसाला घेऊन मामी रिक्षानं आगाशीला बहिणीकडे कांडायला गेल्या. मामांनी फाटकाला कुलूप घातलं. संकेतनं रजा टाकली आणि पहाऱ्याला तिथेच राहिला.

गुरुवारी सकाळपासून त्यानं कोणाला फिरकू दिलं नाही. पोस्टमनला गल्लीच्या तोंडाशी अडवलं. शेजारच्या म्हशीला पलीकडच्या शेतात नेऊन बांधलं. नारळ पडू नयेत म्हणून मामांकडून झाडं तपासून घेतली. दुपारी तीनपर्यंत रेघ अशी सरळ होती, की पट्टीनं ओढल्यासारखी. चार वाजले. चार पाच. चार दहा. काही नाही. चार बाराला मोबाइल वाजला.

"संकेत, पुन्हा आलं बघ. लहान आहे, पण एकसारखं. आता कोण कांडतंय?"

संकेतनं चालता चालताच घराकडे पाहिलं, पडवीकडे पाहिलं, रोनाल्डच्या अंगणाकडे पाहिलं. कुठेही कोणी नव्हतं. मॅडम पलीकडून शांतपणे मोजत होत्या. आठ इकडे, थोडा थांबा, आठ तिकडे, पुन्हा थांबा.

संकेतनं खाली पाहिलं. चार दहा उलटल्यापासून तो यंत्राच्या काळजीनं खड्ड्याच्या शेजारून येरझाऱ्या घालत होता. एका बाजूला आठ पावलं, दुसऱ्या बाजूला आठ.

तो आठव्या पावलावर, एक पाय उचललेला तसाच, थांबला.

"गेलं," मॅडम म्हणाल्या. "काय होतं?"

यंत्र शुक्रवारी कंटेनरमध्ये चढलं. अहवालात व्यत्ययाचं कारण लिहायला एक रकाना असतो; कारण कळलं की तेवढी मिनिटं वजा धरतात. तिथे मसाल्याबद्दल संकेतनं तीन ओळी लिहिल्या, आणि गुरुवारच्या चार बाराबद्दल फक्त 'प्राणी' असं लिहिलं.