तासाभरात मुंबई

त्या सकाळी चनबसप्पांच्या सोलापुरातल्या चादरीच्या कारखान्यात मागांपेक्षा मालकांचाच आवाज मोठा होता.

"चारशे किलोमीटर! रेल्वेनं अख्खा दिवस मोडतो. विमानानं तासभर! हितं बसलो की तितं उतरलोच!"

मुंबईत राहणाऱ्या लेकीची, दानेश्वरीची, छोकरी चालायला लागली होती. फोनवर ती पावलं पाहिल्यापासून आजोबांचा पाय घरात ठरत नव्हता.

"निघालोय म्हणून तिला कळवा तरी की," त्यांची बायको पार्वतम्मा म्हणाल्या.

"कळवल्यावर काय मजा? दार उघडलं की समोर अप्पा!"

पार्वतम्मा विमानतळापर्यंत सोडायला आल्या आणि विमान उडताना बघायचं म्हणून बाहेरच थांबल्या. मुंबईहून विमान आलं. त्यातली माणसं पलीकडच्या दारानं बाहेर पडत होती, तेव्हा चनबसप्पा अलीकडच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे उभे होते. खिडकीची जागा मिळाली. कुणी सांगायच्या आधीच त्यांनी फोन बंद केला. विमानानं जमीन सोडली तशी त्यांनी एकट्यानंच टाळी वाजवली. शेंगाचटणी लावलेली भाकरी निम्मी संपते न संपते, तोच मुंबई आली!

आनंदाच्या भरात फोन चालू करायचंही राहून गेलं. टॅक्सीला मात्र विमानापेक्षा जास्त वेळ लागला. धापा टाकत ते तिसऱ्या मजल्यावर पोचले, तर दाराला कुलूप.

शेजारच्या बाई बाहेर आल्या. "दानेश्वरी ना? सकाळीच गेली सोलापूरला, विमानाने. तिचे मिस्टर दौऱ्यावर आहेत, म्हणून बाळाला घेऊन एकटीच. अप्पांना सरप्राइज द्यायचंय म्हणाली. आपण कोण?"

"मी अप्पा," चनबसप्पा म्हणाले.

बाईंनी आधी त्यांना खुर्ची दिली, मग चहा. चनबसप्पांनी फोन चालू केला, तोच तो वाजला.

"अवो, किती फोन लावायचे?" पार्वतम्मा ओरडल्या. "तुमी आत गेलाव, आन् ही पोरीला घेऊन माझ्यासमोर उभी! विमान वर गेलं तरी मी खालनं हात करायलेय!"

मागून दानेश्वरीचा आवाज आला, "अप्पा, तिथंच थांबा! उद्या आम्ही परत येतो!"

"न्हाय, न्हाय!" चनबसप्पा खुर्चीतून उठलेच. "कुणी जागचं हलायचं न्हाय! मीच येतो!"

त्या दिवशी सोलापूरचं दुसरं विमान नव्हतं. मिळाली ती गाडी धरून ते निघाले. प्रत्येक स्टेशनावर दारात जाऊन सिग्नल बघायचे आणि "चला की लवकर!" म्हणून गाडीलाच दम द्यायचे.

समोरच्या प्रवाशाला राहवलं नाही. "काका, मुंबईला काय काम काढलं होतं?"

चनबसप्पा जागेवर येऊन बसले.

"काय न्हाय," ते खुशीत म्हणाले, "चहा प्यायला आल्तो."

प्रवाशानं आपली पिशवी हळूच जवळ ओढून घेतली.