टोपी खोटं बोलत न्हाई

हवालदार नानांना आम्ही पहिल्यांदा जेवायला बोलावलं, तेव्हा त्यांनी माझ्या बायकोचा दह्याचा डबा उचलला, झाकण दाबलं आणि तो सरळ स्वतःच्या डोक्यावर उलटा धरला. दहापर्यंत आकडे मोजले. मग डोक्यावरची पांढरी टोपी काढून आमच्यापुढे केली. टोपीवर दह्याचा टपोरा थेंब होता.

"वैनी, दही झ्याक. डबा नापास. टोपी खोटं बोलत न्हाई."

त्यानंतर बायकोने नानांपुढे डबा म्हणून ठेवला नाही. सगळं वाट्यांतून.

ही नव्वदीतली गोष्ट. मी सांगलीत, विश्रामबागेतल्या एका कॉलेजात शिकवत होतो आणि फौजेतून निवृत्त झालेले नाना तिथेच वॉचमन होते. आमच्या शेजारच्या खोलीत एकटेच राहायचे. नानी गावी, तासगावच्या पुढे, ऊस आणि दोन म्हशी सांभाळून. "म्हस सांगलीला याला तयार न्हाई, म्हनून मंडळीबी तयार न्हाई," असं नाना सांगायचे. नानींचा डबा रोज सकाळच्या एसटीने यायचा. आमच्या निम्म्या विद्यार्थ्यांचे डबेही असेच गावाहून यायचे. संध्याकाळी तीच गाडी परत निघाली की नाना डबा धुऊन तिच्यातून पाठवायचे.

खाणावळ हाकेच्या अंतरावर होती. तिथे का जेवत नाही, असं मी एकदा विचारलं.

"मास्तर, एकवीस वरसं फौजेत लंगरचं खाल्लं. आता तिच्या हातचं खातो."

"फौजेत असताना नानींना पत्रं लिहायचात की नाही?"

"लय लिवली. पन तिला वाचाया येत न्हाई. पोस्टमन वट्यावर बसून वाचायचा, निम्मी आळी ऐकायची. मग काय लिवनार? म्हस व्यायली का, एवढंच इचारायचं."

आता गावात फोन आला होता, पण तोही सरपंचांच्या ओसरीवर. तिथेही तीच आळी कान टवकारून बसायची.

तर एके दिवशी नानींची आमटी गळली. गळली तीही नेमकी मुलगी बघायला निघालेल्या एका पाहुण्याच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर. कंडक्टर मुळातच तिरसट. स्टँडवर चार लोकांत तो गरजला, "हवालदार, आजून एकदा गळला तर डबा बंद! ही एसटी हाय, आमटीचा टँकर न्हाई!"

नाना त्या दिवशी जेवले नाहीत. मी म्हटलं, इतर लोक बांधतात तसा बांधून घ्या. आधी प्लॅस्टिकची पिशवी, वर पेपर, त्यावर फडकं, मग सुतळी. नाना उसळलेच.

"आमटीला काय थंडी वाजतीया व्हय, एवढी कापडं घालायला? रोज एक पिशवी, रोज एक पेपर, सगळं उकिरड्यात! फौजेत आमी रिकामं पोतंबी परत जमा करत हुतो. डबाच असा पायजे, की वर चिंधीसुदिक लागू नये."

आणि संशोधन सुरू झालं. जुनी जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, पातेली घेऊन ते पत्र्याच्या कारागिराकडे जाऊन बसू लागले. पहिल्या डब्याच्या काठाला सायकलची ट्यूब लावली. गळायचं थांबलं, पण आमटीला पंक्चरचा वास येऊ लागला. दुसऱ्याला मेण लावलं. गरम आमटीत ते वितळलं आणि नानांनी मेणासकट आमटी खाल्ली, कारण "तिनं केलेली टाकायची व्हय?" तिसऱ्या प्रयोगाच्या आठवड्यात कॉलनीतल्या कुकरांच्या जुन्या रिंगा गोळा झाल्या. आमच्या कुकरची नवी रिंगही त्यात गेली. चार दिवस आमची डाळ शिजली नाही आणि बायको नानांशी बोलली नाही.

या सगळ्याचा हिशेब टोपीवर होता. आमटी, ताक, हुलग्याचं माडगं. नानींनी आठवडाभर काय रांधलं ते टोपीवरून वाचता यायचं.

शेवटी जमलं. तळाशी जरा निमुळते असे तीन डबे. भरल्यावर वरच्याला अर्धा वळसा दिला की तो खालच्याच्या काठावर रिंगेत गच्च बसायचा. वरच्याचा तळ तेच खालच्याचं झाकण; वेगळं झाकण फक्त सगळ्यात वरच्याला. रिकामे झाले की उलटा वळसा, आणि तिन्ही एकात एक. "दोन झाकनांचा पत्रा वाचला, मास्तर! जाताना जागाबी वाचंल!" हे त्यांनी साऱ्या गल्लीला सांगितलं, दोन-दोनदा. स्टँडवर कंडक्टरपुढे आमटीने भरलेला डबा डोक्यावर उलटा धरला. टोपी कोरडी. कंडक्टर नुसता "हं" म्हणाला. त्याच्याकडून तेवढंही पुष्कळ होतं.

एक मात्र मला कळायचं नाही. टोपीची परीक्षा झाली की नाना डबा चहूबाजूंनी हुंगायचे आणि मग माझ्या नाकाशी आणायचे. "वास येतुय का बगा." नाही म्हटलं की खूष. मला वाटे, ही फौजेतली शिस्त.

एप्रिलात नानांना ताप भरला. परतीचा डबा पोचवायचं काम माझ्याकडे आलं. "उगडू नगा हां," त्यांनी गोधडीतून दोनदा बजावलं.

स्टँडवर गाडीत चढलो तसा कंडक्टर माझ्यावरच डाफरला. "मोकळा डबा एकात एक बसतो म्हनून हवालदारच सांगत हुतं न्हवं? मग रोज असा उभा मनोरा का धाडत्यात? गाडीत जागा हाय का? घाला एकात एक!"

त्याचं म्हणणं रास्त होतं. मी भिडेपोटी झाकण काढलं आणि उलटा वळसा दिला. वरच्या डब्यात भडंग. मधल्यात बत्तासे. आणि खालच्यात, केळीच्या पानात, मोगऱ्याचा टवटवीत गजरा.

वास सगळ्या गाडीभर पसरला. मागच्या बाकावरच्या दोन बायांनी माना वळवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकवीस वर्षं ज्या माणसाने म्हशीपलीकडे काही लिहिलं नाही, त्याचं पत्र मी भर गाडीत उघडलं होतं.

कंडक्टरने डबे माझ्या हातातून घेतले. पानाची घडी नीट केली, एकावर एक डबा चढवून वळसा दिला, गच्च दाबला. मग आपली खाकी टोपी सारखी केली आणि मनोरा स्वतःच्या डोक्यावर उलटा धरला.

"गळत न्हाई," तो मागच्या बाकाकडे बघत मोठ्याने म्हणाला. आणि हळूच मला, "जावा मास्तर. ह्याला जागा हाय."

मी परत आलो तेव्हा नाना जागेच होते. गोधडीतून नुसतं तोंड बाहेर काढलं.

"गळला का?"

"थेंबसुद्धा नाही, नाना."

त्यांनी भिंतीकडे तोंड करून विचारलं,

"आन् वास?"

"कसला वास?" मी म्हणालो.