विहित मांडी

कळंबच्या सुविद्य वाचनमंडळाच्या वार्षिक अहवालात एक वाक्य दरवर्षी ठळक अक्षरांत छापले जाते : ‘सभागृहात खुर्च्या नसल्याबद्दल आजवर एकाही सभासदाची तक्रार प्राप्त झालेली नाही.’ वाक्य अक्षरशः खरे आहे. मंडळाच्या नियमानुसार तक्रार सभागृहात, जमिनीवर, मांडी घालून बसूनच मांडावी लागते. ज्याला मांडी घालता येते त्याला खुर्चीची गरज नाही, सबब त्याची तक्रार निराधार. ज्याला घालता येत नाही त्याची तक्रार विहित बैठकीत नसल्याने प्राप्तच होत नाही. इतका निर्दोष नियम करण्यासाठी माणूस विद्वानच असावा लागतो.

तो विद्वान म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, प्राध्यापक नीळकंठराव. निवृत्तीनंतर त्यांनी भारतीय बैठकीवर तीन खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. सभ्यतेचा उगम मांडीत आणि ऱ्हास खुर्चीत, हे त्यात तळटीपांसह सिद्ध होते. अलीकडे जिना चढताना करकर आवाज येऊ लागला, तेव्हा त्यांनी तो जिन्याचा दोष ठरवला.

या रविवारच्या सभेत मात्र अर्ज आला तो त्यांच्याच घरातून. यशोदाबाई काठी टेकत दाराशी उभ्या राहिल्या. शुक्रवारचे सामूहिक वाचन त्यांनीच सुरू केलेले. गेले वर्षभर गुडघ्यांमुळे त्यांनाच त्यात येता येत नव्हते. सोबत त्यांच्यावर उपचार करणारी बारामतीची फिजिओथेरपिस्ट शाहीन होती.

“अर्जदारांनी आधी बसून घ्यावे,” नीळकंठराव म्हणाले.

“बसता आलं असतं तर अर्ज कशाला आणला असता? एक खुर्ची ठेवू द्या, अहो. कोपऱ्यात बसेन.”

“सभेत ‘अहो’ नाही. अध्यक्ष महाराज.”

“बरं, अध्यक्ष महाराज. सकाळी चष्मा सापडत नव्हता तेव्हा ‘अगं अगं’ चालत होतं.”

शाहीनने समजावून पाहिले. “सर, काकूंच्या गुडघ्यातली गादी झिजलीय. मांडीचे स्नायू आखडलेत, त्यामुळे दुखणं आणखी वाढतं. व्यायामानं फरक पडतोय, पण जमिनीवर बसणं सध्या नको.”

“गादी झिजते गादीवर बसणाऱ्यांची. दुसरा खंड पाहा,” नीळकंठराव म्हणाले आणि चिटणीसांकडे वळले. “दादासो, लिहा. अर्ज अप्राप्त.”

“लिवलं,” दादासो म्हणाले. “आता उठायचं?”

अध्यक्ष उठल्याशिवाय कोणी उठू नये, हाही नियम नीळकंठरावांचाच. त्यांनी उठण्याचा निर्णय घेतला. निर्णय कमरेपर्यंत पोचला; त्याखाली त्याची अंमलबजावणी झाली नाही.

“आणखी एक विषय,” ते शांतपणे म्हणाले.

आभाराचा ठराव झाला. मग आभार मानणाऱ्यांच्या आभाराचा झाला. नीरा नदीचे अभिनंदन एकमताने मंजूर झाले. जेवणाची वेळ टळली तरी कोणी हूं की चूं करीना. नीळकंठरावांना ती आधी निष्ठा वाटली. मग त्यांनी चष्मा पुसून नीट पाहिले. कोणी दोन्ही हातांनी स्वतःचा पाय ओढून सोडवत होता, कोणी शेजाऱ्याचा खांदा आपले वजन पेलेल काय याचा अदमास घेत होता. सगळे संस्कृतिरक्षक सभा संपेल या धास्तीने ठराव मंजूर करीत होते.

“दादासो, तुम्ही तरी उठा. नियम शिथिल केला.”

“नियम ढिला झाला, पर गुडघा कुठं ढिला झालाय?” दादासो कळवळले. “माजा डावा पाय कवाच मेलाय, सर. तुमी हालंना म्हून आमी बी गप हाय.”

सभागृहात आता उभ्या अशा दोनच व्यक्ती होत्या, आणि त्यांतल्या एकीचा अर्ज अप्राप्त होता.

“हात देते,” यशोदाबाई म्हणाल्या. “पण आधी खुर्चीचं बोला.”

“हा अध्यक्षांवर दबाव आहे.”

“दबाव गुडघ्यावर आहे, सर,” शाहीन म्हणाली. “जरा पाय लांब करा बघू.”

पाय लांब होईना. नीळकंठरावांनी घाम टिपला. मांडी मोडत नव्हती, म्हणजे बैठक विहित होती. सभागृहही हेच होते. मंडळाच्या इतिहासात तक्रार करण्यास पात्र ठरलेला पहिला सभासद आपणच आहोत, हे त्यांच्या ध्यानात आले.

“दादासो, तक्रार लिहून घ्या. ही अप्राप्त म्हणता येणार नाही.”

“पर तुमच्याच नियमानं ती निराधार ठरंल की.”

“आधार नाही म्हणूनच तर बसलोय! लिहा.”

“समदं? तुमी बोलाल तसं?”

“शब्द न् शब्द.”

इतिवृत्तात तो मजकूर असा आहे :

‘मला उठता येत नाही. सबब सभागृहात खुर्च्या आणाव्यात. पहिली यशोदेला द्यावी. भारतीय बैठकीचे तिन्ही खंड मी खुर्चीत बसून लिहिले, आणि ते जमिनीवर मांडी घालून वाचणारा एकही वाचक मला आजवर भेटलेला नाही.’