पेडणेकरकाकूंची मुडद्याची पुस्तकं

आमच्या टॉवरच्या लिफ्टमध्ये पेडणेकरकाकू भेटल्या की "कसा आहेस" असं विचारत नाहीत. "सध्या काय वाचतोस?" असं विचारतात. समोरच्याने "वेळच मिळत नाही हो काकू" म्हटलं, की शांतपणे हात पुढे करतात आणि वरपासून खालपर्यंत सगळ्या मजल्यांची बटणं दाबून टाकतात. "हा घे वेळ," म्हणतात. मग लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबते, दार उघडतं, बाहेर कोणी नसतं, दार मिटतं, आणि तेवढ्यात काकूंची एका कादंबरीची गोष्ट सांगून होते. तीही अर्धीच. तुमचा मजला आला की खुनी कोण ते न सांगता तुम्हाला बाहेर ढकलतात. "बाकीची पुस्तकात आहे. संध्याकाळी येऊन घेऊन जा."

कमिटीने लिफ्टमध्ये पाटी लावली, 'विनाकारण बटणे दाबू नयेत.' दुसऱ्या दिवशी पाटीखाली बॉलपेनने लिहिलेलं होतं, 'कारण आहे.'

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आमची जुनी चार मजली इमारत होती. ती पाडून हा टॉवर उभा राहिला. जुन्या इमारतीत काकूंचं दार आमच्या दारासमोर. दिवसभर उघडंच. आता त्या अठराव्या मजल्यावर असतात, मी सहाव्यावर, आणि सगळ्यांच्या दारांना बाहेरचा माणूस आतून बघायचं ते भोक आलंय. काका जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा मंदार कॅनडात. काकू इथल्याच एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होत्या. त्यामुळे समोरच्याचं बोलणं लांबलं की त्यांना ते मध्येच तोडायची सवय आहे. बोलतात तुमच्याआमच्यासारखंच, पण तापल्या की थेट मालवणात उतरतात.

काकूंच्या लेखी पुस्तकं चारच प्रकारची. खुनाची, भुताची, प्रेमाची आणि परग्रहावरची. बाकीची सगळी 'अंतर्मुखवाली'. एकदा मी मोठ्या हौसेने त्यांना पुरस्कार मिळालेली एक कादंबरी नेऊन दिली. तिच्या पाठीवर छापलं होतं, 'वाचकाला अंतर्मुख करणारी.' आठवड्याभरात परत आली.

"कशी वाटली?" मी विचारलं.

"एक माणूस गॅलरीत बसून स्वतःचा विचार करतो. करतो, करतो आणि शेवटच्या पानावर उठतो. मी म्हटलं, चला, आता काहीतरी होणार. तर पुस्तकच संपलं."

"अहो, पण त्यात जगण्याबद्दल..."

"अंतर्मुख होवक माका पुस्तक कित्याक होया? माझो गुडघो दुखलो की मी आपसूक अंतर्मुख होतंय!"

त्यांची पुस्तक पारखायची रीत सोपी होती. पन्नास पानांत मुडदा पडला पाहिजे. प्रेमाच्या गोष्टीत मुडदा चालत नाही म्हणून तिथे पन्नास पानांत भांडण झालं पाहिजे. भूत असेल तर ते निदान दार वाजवून गेलं पाहिजे. "लेखकाला पन्नास पानं देते मी," त्या म्हणायच्या, "एवढी तर मी जावयालाही दिली नसती."

जावई त्यांना नाही. मुलगी नाही, तर जावई कुठला!

लोक हसायचे त्यांना. मीही हसायचो. पण गायकवाडांच्या वेळी हसू थोडं अडकलं.

गायकवाड नवव्या मजल्यावरचे. रेल्वेतून रिटायर झाले आणि त्याच वर्षी त्यांची बायको गेली. घरात नातेवाईक भरलेले, भंतेजी येऊन वंदना सांगून गेलेले. जो येईल तो दुःख कसं सोसावं याचं एकेक पुस्तक गायकवाडांच्या हातात ठेवून जात होता. टीपॉयवर ढीग साचला होता. त्या घरात काकू शिरल्या, गायकवाडांच्या शेजारी बसल्या आणि पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. मुखपृष्ठावर रक्ताने माखलेला सुरा.

गायकवाडांची बहीण ताडकन उठली. "अहो बाई, काही काळवेळ?"

काकूंनी तिच्याकडे बघितलंही नाही. गायकवाडांना म्हणाल्या, "चहाच्या मळ्यातला बंगला आहे. मालकाला कोणीतरी मारलंय. घरात सातजण आहेत आणि सातही खोटं बोलतायत. तुम्ही फक्त ते बघा." आणि उठून गेल्या.

त्यावर टॉवरमध्ये महिनाभर चर्चा चालली. बाईला अक्कल नाही, इथपासून बाईला वेड लागलंय, इथपर्यंत. माझी बायकोही म्हणाली, "दुसऱ्याच्या घरात माणूस गेलंय, आणि हिचे खून चाललेत."

पुढे एकदा मी गायकवाडांबरोबर लिफ्टमध्ये होतो. ते आपणहून म्हणाले, "पेडणेकरबाईंनी दिलं ना, ते वाचलं मी. माळ्याने मारलं असं वाटत होतं. माळ्याने नव्हतं मारलं." मग म्हणाले, "ते वाचत होतो तेवढा वेळ घरातली शांतता जाणवली नाही." त्यानंतर ते अठराव्या मजल्यावर नियमित पुस्तकं बदलायला जाऊ लागले. त्यावरही चर्चा झाली. आमच्या टॉवरला चर्चेला विषय लागतो, पुस्तक लागत नाही.

सोसायटीच्या ऑफिसात एक रिकामं कपाट होतं. काकूंनी मागे लागून ते मिळवलं, त्यात घरातली निम्मी पुस्तकं आणून लावली. कपाटाला कुलूप नाही. हवं ते न्या, वाचून आणा. मोठी माणसं फारशी फिरकली नाहीत. आली ती आठवी-नववी-दहावीची पोरं. काकूंना तीच हवी होती. "या वयात पोरांना भूत द्यावं," त्या म्हणायच्या. "उपदेश घरात फुकट मिळतो."

पोरांशी त्या पोरांसारख्याच बोलायच्या. एखाद्याने पुस्तक अर्धवट परत केलं तर रागवायच्या नाहीत. "बोअर झालं? झकास! म्हणजे तुला चव आहे. आता हे घे." आणि पुस्तक संपवून कोणी आलं, की ऑफिसातली खुर्ची पुढे ओढून बसायच्या. "बोल. तुला कधी कळलं की तो मेलेला नाही?" मग त्यांच्या डोळ्यांत जे काही यायचं ते मी दुसऱ्या कुठल्या म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत बघितलेलं नाही.

त्यांची सगळ्यात लाडकी वाचक म्हणजे सई. आमचे सेक्रेटरी मोहिते, त्यांची मुलगी. दहावीला. फोनमधून मान वर न काढणारी. काकूंनी तिला लिफ्टमध्ये गाठलं आणि मढ बेटावरच्या बंगल्याची गोष्ट सुरू केली. बंगल्यात सिनेमाचं शूटिंग चालू असतं. जेवायला पानं मोजून घेतात, तरी रोज एक पान कमी पडतं. युनिटमधली माणसं तर तेवढीच. मग रोज एक जास्तीचा जेवतोय कोण? लिफ्ट थांबली. सई बाहेर पडली नाही. म्हणाली, "काकू, परत दाबा ना बटणं."

त्या वर्षी सईने कपाटातली भुताची पुस्तकं संपवली, मग परग्रहावरची, मग प्रेमाची. आणि प्रीलिममध्ये गणितात आपटली.

मोहित्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, 'सोसायटीच्या जागेत मुलांना मुडद्याची आणि लफड्यांची पुस्तके वाटली जातात. पालकांनी जागे व्हावे.' पालक लगेच जागे झाले. ज्यांच्या पोरांनी कपाटाला कधी हातही लावला नव्हता, ते जास्त जागे झाले. रविवारी मीटिंग लागली.

मी गेलो होतो. म्हटलं, आज मोहित्यांची वाट लागणार, काकू मालवणीत सोलून काढणार. गायकवाड तर काकूंच्या बाजूने बोलायचं म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

मोहिते उभे राहिले. तसे वाईट नाहीत ते. स्वतः हमालांच्या घरातून आलेले, मुलीसाठी क्लासची फी भरताना दमलेले. "काकू, मान ठेवून बोलतो. माझ्या पोरीचं वर्ष आहे हे. पुस्तक भूमितीच्या वहीत लपवून वाचते ती. तिचं वाटोळं झालं तर तुम्ही येणार का?"

सगळ्यांच्या माना काकूंकडे वळल्या. गायकवाड उठायला लागले. काकूंनी हाताने त्यांना बसवलं.

"मोहित्यांचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "कपाट रिकामं करते मी."

बस्स. एवढंच. मोहित्यांनी भाषणाची तयारी करून आणलेली, ती तशीच राहिली. पुढचा विषय पार्किंगचा होता.

संध्याकाळी पुस्तकं वर न्यायला मी हात लावला. दोन-चार खेपा झाल्या. लिफ्टमध्ये काकूंनी फक्त अठराचं बटण दाबलं. घरात पुस्तकं जमिनीवर ठेवली आणि मी फणफणलो. "काकू, तुम्ही ऐकून का घेतलंत? दोन शब्द तरी सुनवायचे!"

त्या स्टुलावर बसल्या. "काय सुनावू? तो बोलत होता ना, तेव्हा मला वाटलं मीच बोलतेय."

मग त्यांनी सांगितलं ते मला माहीत नव्हतं. समोरासमोर दार असूनही माहीत नव्हतं.

मंदार दहावीला होता तेव्हाची गोष्ट. त्याला रहस्यकथांचं वेड. खाऊचे पैसे साठवून घाटकोपरच्या फुटपाथवरून जुनी पुस्तकं आणायचा. गादीखाली, माळ्यावर, कुकरच्या जुन्या खोक्यात लपवायचा. काकूंना तेव्हा वाचनाचा गंधही नव्हता. नोकरी, घर, काकांचं आजारपण. सहामाहीला त्याचे मार्क घसरले. काकूंनी सगळी पुस्तकं शोधून काढली, रद्दीवाल्याला बोलावलं आणि मंदारला समोर उभं करून वजन करायला लावलं.

"रडला?" मी विचारलं.

"नाही ना. तेच तर. रद्दीवाल्याला पिशवीत भरायला मदत केलीन. मग अभ्यासाला बसला. मार्क काय पडले म्हणून सांगू! बोर्डात येता येता राहिला." काकू गुडघा चोळत होत्या. "त्याआधी मी पोळ्या लाटायची तेव्हा ओट्याशी उभा राहून गोष्टी सांगायचा. आई, त्या माणसाचा हातच खोटा असतो. आई, ती बाई मेलेलीच नसते. मी म्हणायची, गप रे, मीठ किती घातलं विसरले. त्या दिवसानंतर एकही गोष्ट सांगितली नाही त्याने. मार्क सांगायचा. मग पगार सांगायचा. आता तिथलं टेंपरेचर सांगतो."

तो कॅनडाला गेल्यावर काकू घाटकोपरच्या त्याच फुटपाथवर जाऊ लागल्या. नावं आठवत नव्हती. गोष्टी आठवत होत्या, त्याही तुकड्यातुकड्यांत. पुस्तकवाल्याला विचारायच्या, खोट्या हाताचा माणूस कुठल्यात आहे? तो वैतागून ढीग दाखवायचा. बघायला म्हणून वाचायला लागल्या. ते पुस्तक निघायचं नाही, दुसरंच निघायचं, तेही संपवायच्या. असं करत करत मंदारची बहुतेक पुस्तकं मिळाली, आणि त्या नादात बाकीचं हे घरभर.

"येईल ना तो डिसेंबरात," त्या म्हणाल्या. "आल्यावर देईन."

डिसेंबरात मंदार आला. काकूंनी मला चहाला बोलावलं. बहुधा घरात तिसरं माणूस हवं होतं. मंदार चांगला वागला. उठून हात मिळवला, माझ्या नोकरीची चौकशी केली, टॉवरचा रेट विचारला. त्याच्यासाठी काढलेल्या खोलीत पलंगावर उशीच्या जागी काकूंनी पुस्तकं मांडून ठेवली होती. जुनी, पिवळी, नवीन कव्हरं घातलेली. त्याने ती उचलून खुर्चीवर ठेवली होती आणि पलंगावर लॅपटॉप.

काकूंनी चहाचा ट्रे ठेवला. पदराला हात पुसले. "बघितलीस का रे?"

"काय?"

"पुस्तकं. तुझी आहेत."

मंदारने वळून खुर्चीकडे बघितलं. एक उचललं, चाळलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं. काहीच नव्हतं. "माझी? मी कधी वाचायचो असलं?"

"दहावीला. रद्दीत... मी रद्दीत घातली होती ना."

"असेल," तो म्हणाला. "मला नाही आठवत, आई." पुस्तक खाली ठेवून बोटं झटकली. "किती धूळ आहे. तुला दम्याचा त्रास, आणि घरात हे सगळं कशाला साठवतेस? देऊन टाक कोणाला तरी." तेवढ्यात फोन वाजला. इंग्रजीत बोलत तो गॅलरीत गेला आणि आवाज येऊ नये म्हणून काच सरकवून घेतली.

काकू काचेपलीकडच्या त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. मी बिस्किट उचललं, उगाच, काहीतरी करायचं म्हणून. खाल्लं नाही.

"एवढी वर्षं मला वाटायचं," काकू हळू आवाजात म्हणाल्या, "तो रागावलाय म्हणून बोलत नाही."

गॅलरीत मंदार कशावरून तरी मोठ्याने हसला. काचेमुळे ऐकू आलं नाही, नुसतं दिसलं.

"रागावलेला बरा होता रे."

आणि त्याचा चहा निवला म्हणून कप उचलून त्या गरम करायला आत गेल्या.