एक्केचाळीस अंगठे न्यूयॉर्कला

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमारीची जत्रा तीन दिवसांवर आली होती आणि वामनराव गजभियेंच्या टेबलावरचा पाकिटांचा ढीग त्यांच्या हनुवटीला टेकला होता. पांढुर्ण्याच्या त्या सरकारी कचेरीतलं आवक-जावक एकटे वामनराव सांभाळत. नदीच्या एका काठावरून सावरगाव आणि दुसऱ्या काठावरून पांढुर्णा एकमेकांवर दगड फेकणार, म्हणून जादा पोलीस, जादा डॉक्टर आणि जादा मलमपट्टी मागवणारी पत्रं सकाळपासून सुटत होती. बावीस वर्षांत आपल्या हातून एकही कागद भलत्या पाकिटात गेला नाही, हे वामनराव जेवणाच्या सुट्टीत रोज कुणाला ना कुणाला ऐकवत. ऐकणाऱ्यांना ते पाठ झालं होतं.

त्या दिवशी टेबलावर दोन खासगी कागदही होते. पहिला होता त्यांच्याच पंचशील वार्डातल्या बायांचा अर्ज. वार्डातली बोरिंग, म्हणजे हातपंप, दोन वर्षांपासून बंद होती. वामनरावांनी सौसरच्या पाणीखात्याकडे तीन अर्ज केले, पण एकाचीही पोच आली नाही. स्वतः आवक-जावक करणाऱ्या माणसाला पोच न मिळणं म्हणजे हलवायाच्या घरी जिलबी न मिळण्यासारखं. त्यातून त्यांची सख्खी आत्या शांताबाई. साठीची बाई, वार्डातल्याच शाळेत चपरासीण. शाळेचं आणि घरचं, दोन्ही पाणी ती जाम नदीवरून डोक्यावर आणायची.

"तू कचेरीत बसून राहिला अन् माहे गुडघे नदीवर झिजून राहिले," ती परवाच म्हणाली होती. "मंग तुह्या खुर्चीचा आमाले काय फायदा, वामन?"

हे वामनरावांना फार लागलं होतं. रात्री जेवण गेलं नाही. म्हणून या वेळी त्यांनी स्वतःच्या ठसठशीत अक्षरात चौथा अर्ज लिहिला आणि आत्यानं दारोदार फिरून त्याखाली एक्केचाळीस अंगठे घेतले.

दुसरा कागद शाळेच्या मोठ्या बाई नलिनी उमरेडकर यांनी आणून दिला. सोबत विमानटपालाची तिकिटं लावलेलं, मागे शाळेचा पत्ता घातलेलं पाकीट होतं.

"न्यूयॉर्क?" वामनरावांनी पत्ता दोनदा वाचला. "हे कोण हो, बाई?"

"संयुक्त राष्ट्रसंघाचं सचिवालय. यंदा शांतता वर्ष आहे ना, सातवीच्या पोरींनी शुभेच्छा लिहिल्या."

"म्हंजे ते देशोदेशीचे लोक भाषणं करतात, ते?"

"ते सभेतले. ती सभा भरवायची, आलेली पत्रं नोंदवायची, उत्तरं धाडायची, कागद सांभाळायचे, एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत करायचं, हे रोजचं काम सचिवालयाचं."

"असं सांगा ना!" वामनराव खुलले. "भाषणं त्यांची अन् आवक-जावक यांची. म्हंजे आपलेच लोक आहेत ते."

साऱ्या जगालाही एक आवक-जावक लागतं, या विचारानं त्यांची छाती दोन बोटं फुगली. तेवढ्यात आतून साहेब ओरडले, "वामनराव, ॲम्ब्युलन्सचं पत्र गेलं का?" ते गेलं नव्हतं. वामनराव धावले, परत आले, घाईघाईनं दोन्ही कागदांच्या घड्या घातल्या आणि दोन्ही पाकिटं चिकटवून टपालात टाकली. काय घडलं ते तुम्ही ओळखलंच असेल. वामनरावांना कळायला मात्र अकरा दिवस लागले.

अकराव्या दिवशी शाळेसमोर जीप उभी राहिली आणि नलिनीबाईंचा निरोप आला, "ताबडतोब या." वामनराव पोचले तर मोठ्या बाईंच्या खोलीत सौसरच्या पाणीखात्याचे इंजिनिअर मोरेश्वर देशकर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, आणि हातात एक कागद.

"एकोणीस वर्षं नोकरी झाली, बाई," देशकर सांगत होते, "पण असं पत्र कधी आलं नाही. लोक शिव्या लिहितात. माझे सासरेसुद्धा घरच्या बंबाची तक्रार लिहितात. आणि तुमच्या मुली काय लिहितात, ऐका. 'आदरणीय महोदय, आपण कोणताही भेदभाव न करता साऱ्या मानवजातीसाठी झटता. आपले हजारो कर्मचारी कधीच थकत नाहीत.' आता माझ्याकडे सातच आहेत, त्यातले दोन रजेवर. पण लेकरांचं मन पाहा. 'आपल्यामुळेच जगात शांती आहे.'" इथं देशकरांनी खिशातून रुमाल काढला. "घरी वाचून दाखवलं. बायको पहिल्यांदाच गप्प बसली."

नलिनीबाईंनी वामनरावांकडे पाहिलं. शुभेच्छा सौसरला आल्या, म्हणजे अर्ज कुठं गेला हे समजायला फार हुशारी लागत नव्हती. पंचशील वार्डाचे एक्केचाळीस अंगठे या घटकेला समुद्रावरून उडत होते. बावीस वर्षांची अब्रू त्यांच्याबरोबर उडाली होती आणि बोरिंगचा चौथा अर्जही गेला तो गेलाच. आता आत्याला काय तोंड दाखवायचं?

"पाणी मिळेल का हो थोडं?" देशकर डोळे पुसत म्हणाले.

शांताबाई पाणी घेऊन आली. ग्लास अर्धा होता.

"अर्धाच?" देशकर हसले.

"पूर्ण पाह्यजे तर जामेवर चाला, साहेब. घागर हाय माह्यापाशी."

"काहून? इथं बोरिंग नाही?"

"हाय ना. दोन सालापासून उभी हाय. दांडा हालवला का नुसती कुईकुई करते. तुमच्याच खात्याची हाय, बापा."

देशकरांनी हातातल्या पत्राकडे पाहिलं, मग अर्ध्या ग्लासाकडे. त्यांचे कान लाल झाले. ज्या मुलींनी आपल्याला मानवजातीचा आधार म्हटलं, त्यांच्याच आया नदीवर जातात? माणसाला शिव्यांची सवय असली की शिव्या लागत नाहीत. कौतुकाची सवय नसलेल्या देशकरांना हे मात्र खोल लागलं.

"मग अर्ज काहून केला नाही तुम्ही?" ते जवळजवळ रागावूनच म्हणाले.

"केला, साहेब," वामनराव पुटपुटले. "तीनदा केला. चौथा... वाटेत आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातही कर्मचारी हजर होते, रजेवरचे दोघेसुद्धा. देशकर बाह्या वर सारून स्वतः उभे राहिले. पाईप उपसले, तुटलेली सळई बदलली, नवे वायसर घातले. दुपारच्या आत बोरिंगनं आधी लाल, मग गढूळ आणि मग स्वच्छ धार सोडली. शांताबाईनं दोन्ही हात धारेखाली धरले आणि बराच वेळ काढलेच नाहीत. पहिली घागर भरली ती तिनं वामनरावांच्या उंबऱ्यात नेऊन ठेवली.

"घे," ती म्हणाली. "आता बस खुर्चीवर."

वामनरावांना भरून आलं. न्यूयॉर्कचं मात्र त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. एवढ्या मोठ्या ठिकाणी एक मराठी कागद हरवूनच जाईल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

डिसेंबरात शाळेच्या पत्त्यावर निळ्या बोधचिन्हाचं पाकीट आलं. नलिनीबाई ते घेऊन तडक वामनरावांच्या घरी आल्या. "पोरींच्या शुभेच्छा तर सौसरला गेल्या. मग न्यूयॉर्कहून हे उत्तर कशाचं आलं?" असं म्हणून त्यांनी इंग्रजी पत्राचा अर्थ सांगायला सुरुवात केली. आपला मराठी अर्ज मिळाला. त्याचं भाषांतर करून घेतलं. खाली एक्केचाळीस अंगठ्यांचे ठसे आहेत. सचिवालय स्वतः हातपंप दुरुस्त करत नाही, तरी प्रकरणाला अमुक क्रमांक देऊन ते योग्य त्या मार्गानं भारत सरकारकडे पाठवत आहोत.

वामनरावांनी चूक कबूल केली. नलिनीबाई रागवायच्या बेतात होत्या, पण वामनरावांचं लक्षच नव्हतं.

"पोच दिली त्यांनी!" ते पत्रावर बोट ठेवून म्हणाले. "अन् अंगठे मोजले, बाई. सौसरनं तीन अर्ज उघडून पाहिले नाहीत, अन् तिथं कोण्या बाबूनं बसून एकेक अंगठा मोजला! याले म्हणतात आवक-जावक."

पण 'योग्य मार्ग' या शब्दांना कचेरीतल्या माणसानं भ्यायला हवं होतं. दिल्लीहून कागद भोपाळला आला, भोपाळहून छिंदवाड्याला, आणि जानेवारीच्या अखेरीस मूळ अर्जासकट लाखबंद होऊन वामनरावांच्याच टेबलावर. त्यांनी त्याची आवक नोंदवली आणि साहेबांपुढे ठेवला. पाच मिनिटांत साहेबांचा आवाज व्हरांड्यापर्यंत आला.

"वामनराव! हे अक्षर तुमचं आहे!"

"हो, साहेब."

"सरकारी नोकर होऊन परस्पर न्यूयॉर्कले शिकायत? आमाले विचारता नाही आलं? दिल्ली विचारून राहिली, भोपाळ विचारून राहिलं! नोकरी जाईल तुमची, माहीत आहे?"

वामनरावांच्या डोळ्यांपुढे बायको, पोरं आणि रिकामी खुर्ची येऊन गेली. मग बावीस वर्षांची सवय कामी आली. त्यांनी कागद उलटा केला.

"साहेब, शेवटची ओळ वाचावी. 'केलेल्या कार्यवाहीचा अहवाल पंधरा दिवसांत सादर करावा.'"

"काय कार्यवाही सादर करू? कप्पाळ?"

"बोरिंग चालू आहे, साहेब. चार महिने झाले."

वरून विचारणा यायच्या आधीच काम झालेलं असावं, हे त्या कचेरीत कधी घडलं नव्हतं. साहेबांनी तो आनंद नीट चघळला. मग पंखा लावायला सांगितला, दोन चहा मागवले आणि एक कप स्वतः वामनरावांपुढे सरकवला.

"लिहा," ते म्हणाले. "'सदर प्रकरण प्राप्त होण्यापूर्वीच तत्परतेनं निकाली काढण्यात आलं.' 'तत्परतेनं'च्या खाली रेघ मारा."

वामनरावांनी दोनदा मारली. अहवाल त्याच दुपारी छिंदवाड्याला गेला, आणि या वेळी त्यांनी पाकीट चिकटवण्याआधी आतला कागद तीनदा तपासला. मार्चमध्ये वरून शाबासकीचं पत्र आलं, एक साहेबांना, एक देशकरांना. देशकरांनी ते फायलीत लावलं, कारण भिंतीवरची जागा मुलींच्या पत्राची होती. साहेबांच्या पत्रात तिसऱ्या ओळीत 'आवक-जावक लिपिक श्री. गजभिये यांचीही नोंद घेण्यात येत आहे' असं होतं. वामनरावांनी ती ओळ आत्याला सहा वेळा वाचून दाखवली आणि दर वेळी ती म्हणाली, "अजून एकदा वाच."

गोष्ट पांढुर्ण्यात राहिली असती तर पांढुर्णा कसलं? आठवड्याभरात ती पाकिटांच्या अदलाबदलीसकट नदी ओलांडून गेली. एका सकाळी कचेरीच्या पायरीवर सावरगावच्या दहा-बारा बाया येऊन बसल्या. पुढं गुलाबबाई, हातात अंगठ्यांनी निळा झालेला कागद.

"जय भीम, भाऊ. आमची बी बोरिंग बंद हाय."

"जय भीम. द्या इकडं," वामनराव रुबाबात म्हणाले. "आजच सौसरले पाठवतो. देशकर साहेब ओळखीचे आहेत माझ्या."

गुलाबबाईनं कागद मागं ओढला.

"सिधा नका पाठवू, भाऊ," ती हात जोडून म्हणाली. "तुमच्या वार्डाचा जसा पाठवला, तसाच आमचा बी चुकवून पाठवा."