संक्रांतीस हळदीकुंकवाआडून रक्त घेतले त्याची हकीकत

बाळगोपाळ मंडळीस अनेक आशीर्वाद. सुंदराबाईसाहेबांनी कोपरखैरण्याचे रण कसे मारिले हे तुम्ही पुसिले, तरी यथास्थित लिहितो, चित्त देऊन ऐकणे.

शके एकोणीसशे एकोणीस, ईश्वरनाम संवत्सरे, पौष मासी बाईसाहेबांच्या सूनबाई वैशालीबाई सोसायटीचे तिसरे मजल्यावर चिंताक्रांत होत्या. स्तनात कर्करोग नामे गनीम शिरला, तो शस्त्रक्रियेने काढिला आणि आराम पडला. परंतु त्यांची आईही याच गनिमाने नेली होती, सबब कन्या अबोली हिचे वाटेस काय येणार, हा घोर लागला. मग महाप्याचे प्रयोगशाळेच्या डॉक्टर क्षिप्राबाई आल्या आणि मसलत सांगितली, की जनुक म्हणजे मायबापांकडून आलेली सनद. तीत एखादे अक्षर बदलते, बहुधा काही बिघडत नाही, क्वचित गनिमास वाट मिळते. ते फितूर अक्षर ताडण्यास घराण्यातील बायकांचे रक्त पाहिजे.

बाईसाहेबांनी तत्काळ फर्मान सोडिले आणि जावा, नणंदा, चुलतसासवा ऐसी फौज पावणे गावाहून दाखल झाली, आणि रक्त तपासायचे म्हणून झाडून साऱ्या उपाशी. क्षिप्राबाईंनी नाती पुसिली आणि कपाळास हात लाविला, की ही सारी सासरची, सूनबाईंशी रक्ताचा थेंब जुळत नाही.

बाईसाहेब कडाडल्या, "लगीन झालं, गोत्र बदललं, आन् रक्त अजून म्हायेरचंच? मग हिच्या दुखण्यात भाकऱ्या थापणारी मी कोण?"

"आजी, गोत्र बदलतं, जनुकं नाही बदलत. हिला सख्खी बहीण नाही का?"

होती. प्रेमलाबाई, मुक्काम तुर्भे. त्यांनी मात्र साफ नकार दिला. "ताई, माझ्या लेकीचं, सुनयनाचं लगीन जमत आलंय. आमच्यात हे दुखणं हाय असं पावण्यांना कळलं, तर मोडंल की गं." वैशालीबाईंचे डोळे भरले आणि मोहीम बुडाली ऐसे सर्वांस वाटले.

मग बाईसाहेबांनी हिकमत योजिली, की संक्रांतीचे हळदीकुंकू करावे. त्या दिवसांत बाई कोणाचे घरी का गेली, हे कोणी पुसत नाही. बाहेर तिळगूळ, आतले खोलीत सुया, आणि नळीवर नाव न घालता केवळ आकडा. प्रेमलाबाई काळी साडी नेसून आल्या, पण सुई पाहताच माघारी वळल्या. तेव्हा बाईसाहेबांनी खासा आपला हात क्षिप्राबाईंपुढे केला. "माझं कामाचं न्हाई म्हणालीस, तरी घे."

"तुमचंही हवंय, आजी. बिनआजारी, परक्या रक्ताच्या बायका तुलनेला लागतातच. फितूर ओळखायचा, तर शेजारी इमानी नको?"

बाईसाहेब प्रेमलाबाईंकडे वळल्या. "बघ. मी परकी असून देतीया, तू सख्खी असून पळतीस?"

प्रेमलाबाईंस हसू फुटले आणि त्याच हसण्यात हात पुढे आला.

नळ्या बर्फाचे पेटीत घालून रिक्षाने महाप्यास रवाना केल्या. निकालास वर्षे लागतील, ऐसी शेकडो घरे मिळाली तरच उमगेल, अबोलीस आज काही सांगता येणे नाही, हे क्षिप्राबाईंनी स्पष्ट केले. तथापि त्या रात्री वैशालीबाईंस सुखाची झोप लागली.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. गोत्र सासरचे, जनुके माहेरची, आणि भाकरी सुंदराबाईंची, ऐसा तह उभयपक्षी मान्य जाहला, तो येथे नमूद केला असे.